विश्लेषण : पाणी घाण करणं स्वस्त की स्वच्छ ठेवणं? सावित्रीकाठचं दंडाचं आणि कराचं गणित

उमरठ म्हटलं की तानाजी मालुसरे आठवतात. पोलादपूर तालुक्यातल्या या गावात नरवीरांची समाधी आहे आणि माघात पुण्यतिथीला इथे राज्यभरातून माणसं येतात. या लेखात उमरठ येतं ते मात्र दुसऱ्या कारणाने. हे गाव वरच्या अंगाला आहे. पोलादपूरच्या डोंगरात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी सावित्रीला मिळतो, सावित्री महाडकडे उतरते, तिथे काळ आणि गांधारी नद्या तिला येऊन मिळतात आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्रात जाते. बिरवाडीजवळची महाडची औद्योगिक वसाहत, म्हणजे रासायनिक कारखान्यांची रांग, या वाटेवर मध्ये आहे.

इंजिनीअरिंगला असताना सीओडीची चाचणी करायचो. पाण्यातल्या घाणीचं रासायनिक ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागेल, ते मोजणारी ही चाचणी. तिच्यात सांडपाण्याच्या नमुन्याबरोबर शुद्ध पाण्याचा एक नमुनाही उकळावा लागतो. त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. ब्लँक नसेल तर आकड्याला अर्थ नाही. सावित्रीचा ब्लँक उमरठच्या बाजूला मिळतो. खाली खाडीत जाळं टाकणाऱ्याला मिळतं ते नमुन्याचं पाणी.

पण गोष्ट इतकी सरळ असती तर ‘कारखाने बंद करा’ एवढं लिहून थांबता आलं असतं. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांमधल्या मुलांपुढे नोकरीचे मार्ग दोनच : मुंबई किंवा महाडची एमआयडीसी. घरी राहून, शेतीकडे बघत पगार मिळवायचा तर एमआयडीसीच. म्हणजे पगार नदीच्या वरच्या गावांत जातो आणि सांडपाणी खालच्या गावांत. कारखाना चालू राहावा आणि नदीही वाचावी, यासाठी सरकारच्या हातात दोन साधनं असतात : नियम आणि पैसा. आपल्याकडे नियम भरपूर आहेत. पैशाचं साधन मात्र आपण नीट वापरलेलंच नाही, किंबहुना जे थोडं होतं तेही काढून टाकलं.

हा अर्थशास्त्राचा प्रश्न कसा?

कारखान्याला प्रत्येक गोष्टीचं बिल येतं. कच्चा माल, वीज, बॉयलरचा कोळसा, एमआयडीसीचं पाणी, कामगारांचा पगार. फक्त एका सेवेचं बिल येत नाही. ती सेवा म्हणजे नदीने घाण पोटात घेणं. बिल येत नाही म्हणजे खर्च होत नाही असं नाही, तो दुसऱ्याच्या नावावर पडतो. खाडीत मासळी कमी मिळाली तर मच्छीमाराच्या, बोअरवेलला वास आला तर शेतकऱ्याच्या, पाण्याचा टँकर मागवावा लागला तर ग्रामपंचायतीच्या.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये यावर उपाय सुचवला होता. दुसऱ्याचं जेवढं नुकसान होतं, तेवढा कर ते करणाऱ्यावर लावा, मग तो आपणहून हिशेब करेल. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व कायद्याचा भाग मानलं. तत्त्व मान्य होऊन तीन दशकं होत आली. दराचं काय झालं?

आज दर किती आहे?

आधी नियमित शुल्क पाहू. कारखाना चालवायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं, ज्याला सगळे ‘कन्सेंट’ म्हणतात. त्याची फी ठरते कारखान्यातल्या भांडवली गुंतवणुकीवर. म्हणजे १०० कोटींच्या दोन कारखान्यांपैकी एकाने सांडपाणी निम्म्यावर आणलं आणि दुसऱ्याने काहीच केलं नाही, तरी दोघांची फी तीच. किंबहुना पहिल्याने नवीन प्रक्रिया यंत्रणेवर पैसे घातले, तर त्याची गुंतवणूक कागदावर वाढते. विजेचं बिल युनिटवर न लावता फ्लॅटच्या किमतीवर लावलं, तर पंखा बंद कोण करेल?

आता दंड. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ‘पर्यावरणीय भरपाई’चं एक सूत्र ठरवलं आहे. पाच आकड्यांचा गुणाकार आहे : प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, कारखान्याचा आकार आणि ठिकाण. लाल श्रेणीतल्या म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी उद्योगांसाठी निर्देशांक ८०. रुपयांचा गुणक साधारण २५०. मोठ्या कारखान्याला दीड, मध्यमला एक, लहानाला अर्धा. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी शेवटचा गुणक एक. महाडसारख्या गावातल्या मोठ्या रासायनिक कारखान्यासाठी हिशेब होतो ८० × २५० × १.५ = ३०,००० रुपये रोज. लहान कारखान्याला १०,००० रुपये रोज.

तीस हजार रुपये रोज हा आकडा कमी नाही. पण तो कशाशी ताडून बघायचा?

समजा (आकडे फक्त उदाहरणाचे) एका मोठ्या कारखान्याला सांडपाण्यावर पुरी प्रक्रिया करायला वीज, रसायनं, माणसं आणि घातक गाळाची वाहतूक धरून दिवसाला २०,००० रुपये जास्त लागतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६० लाख. दंडाने ही बचत पुसून टाकायची तर कारखाना ३०० पैकी निदान २०० दिवस पकडला गेला पाहिजे. तो २० दिवस सापडला तर दंड होतो ६ लाख. उरलेले ५४ लाख? हा हिशेब मांडायला कारखान्याचा मालक दुष्ट असावा लागत नाही, कॅल्क्युलेटर असला की पुरतं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये हेच मांडलं होतं : दंडाचा धाक म्हणजे दंडाची रक्कम गुणिले पकडलं जाण्याची शक्यता. दहातून एकदाच पकडता येत असेल, तर दंड वाचलेल्या पैशाच्या दहापट हवा.

पकडण्याची शक्यता किती असते, याची थोडी कल्पना मला तिसऱ्या वर्षाच्या प्रशिक्षणात आली. कारखाना कुठला ते सांगण्यात अर्थ नाही, तो महाडचाही नव्हता. ईटीपीच्या टाकीत हवा मिसळणारे एरेटर दिवसभर घुमायचे. रात्रपाळीला गेलो तर तिथे शांतता. ऑपरेटर काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘बॅक्टेरियापण झोपतात रे.’ नोंदवहीत मात्र चोवीस तासांची नोंद व्यवस्थित, एकाच पेनाने.

मोठी शिक्षा आहेच की. मग?

आहे. जल कायदा १९७४ च्या कलम ३३-अ खाली मंडळ कारखाना बंद करायचा आदेश देऊ शकतं, वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. पण त्या तोफेची झळ सर्वांत आधी लागते ती वरच्या गावांतून बस पकडून पाळीला येणाऱ्या कंत्राटी कामगाराला. कारखाना बंद झाला की आठवड्याभरात कामगारांची, मग पुढाऱ्यांची वर्दळ सुरू होते, बँक हमी घेतली जाते आणि कुलूप निघतं. यात कुणाचं चुकतं असंही म्हणता येत नाही. तोफ वापरवत नाही आणि काठी फारच बारीक, अशी ही अडचण आहे.

फौजदारी शिक्षेची वाट तर आता आणखी अरुंद झाली आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. जनविश्वास कायद्याने केलेला बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि बहुतेक उल्लंघनांसाठी कैदेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांचा आर्थिक दंड आला. जल कायद्यातही २०२४ मध्ये याच धर्तीची दुरुस्ती झाली, राज्यांनी ठराव करून ती स्वीकारायची आहे. या बदलावर बरीच टीका झाली. मला त्यात एक गोष्ट पटते : न्यायालयात वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या खटल्यापेक्षा लवकर बसणारा दंड बरा. पण मग तो दंड कारखान्याच्या हिशेबात जाणवण्याएवढा हवा. मोठ्या कंपनीसाठी १५ लाखांची कमाल मर्यादा म्हणजे वरच्या उदाहरणातल्या वार्षिक बचतीचा चौथा हिस्सा.

न्यायाधिकरणाने मोठे आकडे लावून पाहिले. तारापूरमध्ये मच्छीमार संघटनेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२२ मध्ये १०३ उद्योगांवर मिळून सुमारे १६० कोटींची भरपाई लावली. दुसऱ्या एका प्रकरणात जळगाव जिल्ह्यातल्या रासायनिक कंपनीवर तिच्या उलाढालीकडे पाहून २५ कोटी लावले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण उलाढाल आणि प्रदूषण यांचा थेट संबंध नाही. निकाल ऐकून वाईट वाटलं असेल अनेकांना, पण तर्क बरोबरच आहे. फी भांडवलावर, दंड उलाढालीवर किंवा दिवसांवर. प्रत्यक्ष नदीत किती किलो घाण गेली, त्यावर काहीच नाही.

एक कर होता, तो गेला

१९७७ साली केंद्राने पाणी उपकराचा कायदा केला होता. उद्योग आणि स्थानिक संस्था जेवढं पाणी वापरतील त्यावर उपकर, प्रक्रिया यंत्रणा नीट चालवणाऱ्याला २५ टक्के सूट, आणि मिळालेला पैसा प्रामुख्याने प्रदूषण मंडळांना. कल्पना चांगली होती. दर बघा : विषारी किंवा सहज न विघटणारं सांडपाणी करणाऱ्या उद्योगाला सर्वांत वरचा दर हजार लिटरला ३० पैसे. रोज एक लाख लिटर पाणी वापरणाऱ्या रासायनिक कारखान्याला दिवसाला ३० रुपये! महाड स्टँडवर दोन कटिंग आणि एक वडापाव घेतला तर याहून जास्त होतात. त्यातही उपकर वापरलेल्या पाण्यावर होता, सोडलेल्या घाणीवर नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तो रद्द झाला आणि कुणी फारशी हळहळही केली नाही.

कोळशाची कथा थोडी वेगळी. २०१० मध्ये टनाला ५० रुपये असा स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, तो वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये त्याचं रूपांतर जीएसटी भरपाई उपकरात झालं आणि सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेररचनेत तोही संपला, बदल्यात कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. टनावर ठरावीक कर असला की राखेचा निकृष्ट कोळसा तुलनेने महाग पडतो. किमतीच्या टक्क्यात लावला की स्वस्त, राखेच्या कोळशाला कर कमी. शिवाय कारखान्याला जीएसटीचं क्रेडिट परत मिळतं. बातम्यांत हा मुद्दा ‘कर सुसूत्रीकरण’ या शब्दात गेला.

नियम की कर : एक साधं उदाहरण

सध्याचा नियम असा : नदीत सोडायच्या पाण्यात सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हा नियम दाटपणा मोजतो, एकूण घाण मोजत नाही. दाट सांडपाण्यात चार बादल्या साधं पाणी ओतलं की अहवाल पास, पण नदीत घाण तेवढीच जाते. वर ज्या पाण्याने ते पातळ केलं ते पिण्याजोगं पाणी वाया. मंडळाचे लोक हे ओळखतात आणि पातळ करण्याला मनाई आहे, पण सिद्ध करणं अवघड.

आता दोन कारखाने घ्या. अ कारखान्याला एक किलो सीओडी कमी करायला २० रुपये लागतात, ब कारखान्याला ८०, कारण त्याची प्रक्रिया जुनी आहे. नदीतली घाण रोज १०० किलोने कमी करायची आहे. दोघांना सारखा नियम लावला, प्रत्येकी ५० किलो, तर खर्च होतो १,००० आणि ४,०००, एकूण ५,००० रुपये. त्याऐवजी किलोमागे ५० रुपये कर लावला तर? अ म्हणेल, ५० भरण्यापेक्षा २० घालून साफ करतो, आणि शंभरच्या शंभर किलो तोच कमी करेल. खर्च २,०००. ब कर भरत राहील, आणि रोज कर भरताना नवी यंत्रणा कधी परवडेल याचाही हिशेब करत राहील. नदी तेवढीच साफ, खर्च निम्म्याहून कमी.

इथे एक सावधगिरी. हे गणित सीओडीसारख्या, एकमेकांत बेरीज होणाऱ्या घाणीसाठी ठीक आहे. पारा, सायनाइड, काही विद्रावकं यांच्या बाबतीत ‘कर भरा आणि सोडा’ चालणार नाही, तिथे सरळ बंदी आणि तोफच हवी. तसंच कामगाराच्या जिवाचं. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या औषध कारखान्यात स्फोट होऊन ११ कामगार गेले. त्या प्रकारच्या धोक्याला दर लावता येत नाही.

दुसरीकडे काय केलं?

नेदरलँड्सने १९७० च्या कायद्याने सांडपाण्यातल्या घाणीवर कर लावला. एका माणसामागे रोज जेवढी घाण होते ते एक माप धरायचं आणि कारखाना किती माणसांएवढी घाण सोडतो त्याप्रमाणे पैसे घ्यायचे. हेतू फक्त प्रक्रिया केंद्रांसाठी पैसा उभा करणं हा होता. पण दर एवढा लागला की उद्योगांनी स्वतःच घाण मोठ्या प्रमाणात कमी केली. चीननेही १ जानेवारी २०१८ पासून घाणीच्या मापावर पर्यावरण कर सुरू केला.

इतक्या लांब कशाला, सुरत बघा. २०१९ मध्ये तिथल्या तीनशेवर कोळसा जाळणाऱ्या, बहुतांशी कापड उद्योगातल्या कारखान्यांवर धुराच्या कणांचा बाजार सुरू झाला. एकूण कणांची मर्यादा सरकारने ठरवली, परवाने वाटले, ज्याला कमी लागतात त्याने विकायचे, ज्याला जास्त लागतात त्याने घ्यायचे. बाजारातल्या कारखान्यांचं प्रदूषण बाकीच्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं. आपल्या मंडळाने २०१७ मध्ये धुराड्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना आणली होती. माहिती उघड करणं चांगलंच, पण ताऱ्यांना किंमत नव्हती.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो गुजरातमधलाच आधीचा एक प्रयोग, अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा. तिथे कारखान्याचं प्रदूषण तपासणारा ऑडिटर कारखानाच निवडायचा आणि कारखानाच पैसे द्यायचा. साहजिकच अहवाल बहुतेक वेळा मर्यादेच्या किंचित खाली यायचे. प्रयोगात निम्म्या कारखान्यांना ऑडिटर सोडत काढून दिले, पैसे मध्यवर्ती निधीतून दिले आणि काही नमुने पुन्हा तपासले. खोटे अहवाल ८० टक्क्यांनी कमी झाले, आणि प्रदूषणही घटलं. नवा कायदा नाही, नवी मशीन नाही. फक्त तपासणाऱ्याचा पगार कोण देतं ते बदललं.

मग महाडमध्ये काय शक्य आहे?

महाडमध्ये एक गोष्ट आधीपासून आहे : सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, सीईटीपी. कारखान्यांनी मिळून चालवायचं, त्यात सगळ्यांचं सांडपाणी एकत्र येतं आणि प्रक्रियेनंतर वाहिनीने सावित्रीच्या खाडीकडे जातं. अडचण अशी की बाहेर पडणारं पाणी खराब निघालं तर दोष कुणाचा? केंद्र म्हणतं, कारखाने मर्यादेपेक्षा दाट पाणी पाठवतात. कारखाने म्हणतात, केंद्र नीट चालत नाही. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही.

पण प्रत्येक कारखान्याचं पाणी केंद्राच्या तोंडाशी मोजलं, तर हीच जागा कर गोळा करायला सर्वांत सोयीची. प्रमाण आणि सीओडी या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे किलो, किलोवर दर. मोजणारा माणूस ना कारखान्याचा, ना केंद्राच्या सोसायटीचा. २०१४ पासून प्रमुख प्रदूषणकारी उद्योगांना चोवीस तास मोजणारी ऑनलाइन यंत्रं सक्तीची आहेत. आकडे मंडळाच्या सर्व्हरवर जातात, पण खटला उभा करायचा तर जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे रीतसर घेतलेला नमुनाच लागतो. कर आकारायला मात्र हे आकडे आधार म्हणून वापरण्याची तरतूद करता येईल. वीज मीटरचं रीडिंग घ्यायला आपण कुठे पंचनामा करतो?

उद्योगांचा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. लहान कारखान्यांना हा भार पेलेल का? गुजरातमधल्या वापीत किंवा अंकलेश्वरात दर नसेल तर काम तिकडे जाईल. त्यामुळे हा दर एकट्या महाडला लावून चालणार नाही, निदान राज्यभर तरी हवा, सुरुवातीला कमी आणि दरवर्षी किती वाढणार ते आधी जाहीर केलेला. कारखानदाराला दरापेक्षा जास्त भीती असते ती अनिश्चिततेची. आज काहीच नाही आणि उद्या अचानक टाळं, याऐवजी पाच वर्षांचा दरफलक त्यालाही परवडेल.

पैसा जाणार कुठे, यावर मी तडजोड करणार नाही. तो राज्याच्या तिजोरीत गेला तर पाणी उपकराचीच पुनरावृत्ती होईल. खाडीकाठच्या गावांचं पिण्याचं पाणी, मच्छीमारांची भरपाई, स्वतंत्र तपासणी या तीन गोष्टींवर तो खर्च व्हावा आणि दर महिन्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

तोपर्यंत एक काम फोनवरही होतं. मंडळाच्या संकेतस्थळावर कारखान्यांची संमतीपत्रं असतात. तुमच्या गावाजवळच्या कारखान्याचं उघडा. रोज किती घनमीटर सांडपाण्याची परवानगी आहे आणि सीओडीची मर्यादा लिटरला किती मिलिग्रॅम आहे, हे दोन आकडे शोधा. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागा. येईल तो आकडा किलोमध्ये, रोजचा. तेवढी घाण नदीला देण्याची त्या कारखान्याला परवानगी आहे, आणि त्या प्रत्येक किलोचा आजचा दर शून्य रुपये आहे.